वास नाही

बसमध्ये शेजारी बसलेली बाई दोनदा माझ्याकडे बघून तिसऱ्यांदा हसली आणि म्हणाली, "राग मानू नका हं, पण तुमच्या अंगाला कापराचा फार वास येतोय. त्यानं माझं डोकं चढतं." एवढं बोलून ती उठली आणि मागच्या सीटवर जाऊन बसली. तिनं नाक मुरडलं नाही की तोंड वाकडं केलं नाही, उलट माझी पिशवी घसरत होती ती जाता जाता नीट लावून दिली. मी ओशाळून बाही नाकाशी नेली. काहीच नाही. दुसरी बाही नेली, गळ्यातला रुमाल नेला, मग पिशवी उघडून तिच्यात जवळजवळ तोंडच घातलं. दुपारी कापराचा डबा बदलताना ओंजळभर चुरा अंगावर सांडला होता हे मला पक्कं आठवत होतं. मी तो झटकला होता, हात धुतले होते, आणि वास गेला असं मानून मोकळी झाले होते. म्हणजे तो गेलाच नव्हता. आपला स्टॉप अजून चार स्टॉप लांब आहे हे माहीत असूनही मी उठून दाराशी जाऊन उभी राहिले आणि तिथं उभ्या असलेल्या माणसांचे वास घ्यायला लागले. ओला कोट, वर्तमानपत्र, एका मुलीच्या ताज्या धुतलेल्या केसांचा अंबाडा. सगळी माणसं काचेपलीकडची असावीत तशी होती. कुणाच्या तरी लक्षात येईल म्हणून मी तोंड खिडकीकडे वळवलं.

मी जिथं काम करते तिथं आम्ही डोळ्यांना न दिसणाऱ्या पोकळ गोळ्या बनवतो. नोकरीच्या पहिल्या दिवशी हे नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला होता, म्हणजे काहीच बनवत नाही असं सरळ सांग ना. त्याला हसू द्यावं, कारण त्याचं म्हणणं फारसं चूक नाही. शरीरात आपोआप विरघळणारे टाके ज्या पदार्थाचे असतात तोच पदार्थ आम्ही द्रावकात विरघळवतो, त्यात कापूर विरघळवतो आणि ते सगळं पाण्यात इतकं घुसळतो की तांबड्या पेशीहूनही लहान थेंब होतात. थेंबावर साल धरते आणि कापूर आत अडकतो. मग धुवायचं, गाळायचं, बाटल्यांत भरून गोठवायचं आणि हवा काढून घेणाऱ्या यंत्रात दोन दिवस ठेवून द्यायचं. बर्फ उडून जातो, पाठोपाठ कापूर सालीतून निसटतो, आणि तो जिथं होता तिथं पोकळी राहते. त्या पोकळीत वायू भरायचा आणि बूच लावायचं. हॉस्पिटलात डॉक्टर ती पांढरी भुकटी सलाइनमध्ये हलवून हाताच्या शिरेत टोचतात, गोळ्या रक्ताबरोबर हृदयात पोचतात, आणि सोनोग्राफीच्या पडद्यावर हृदयाचा जो जो भाग रक्त पितो तो तो उजळतो. जिथं रक्त पोचत नाही तिथं काळं राहतं. पण कापूर पुरता गेला नसेल तर गोळी भरीव राहते आणि भरीव गोळी पडद्यावर दिसत नाही. तिचा अपाय असा काही नाही. ती फक्त गप्प राहते, आणि मग रक्त पोचत असलं तरी तिथं काळंच दिसतं.

हे काम मला मास्तरांनी शिकवलं. ते काही शाळेतले मास्तर नव्हते, पण यंत्राचं झाकण जोरात लावलं तरी अर्धा तास समजावत बसायचे म्हणून सगळेच त्यांना मास्तर म्हणायचे. यंत्रातल्या ताटात दोनशे बाटल्या असतात. कडेच्या बाटल्यांना भिंतीची ऊब मिळते, त्या लवकर सुकतात; मधल्या एकमेकींना चिकटून थंडीत बसलेल्या असतात, त्यांना उशीर होतो. तपासणीला मात्र दाराजवळची बाटली जाते, कारण नियमपुस्तक लिहिणाऱ्यानं ती हाताला येते म्हणून तीच लिहिली. मास्तरांनी यावर वरिष्ठांशी दोन वर्षं भांडण केलं आणि शेवटी कंटाळून स्वतःच पेनानं नोंदवहीत एक रकाना वाढवला: मधल्या चार. बुचं पुरती दाबण्याआधी ताट बाहेर काढायचं, मधल्या चार बाटल्या हुंगायच्या, दर बाटलीनंतर खिडकीशी जाऊन दोन श्वास घ्यायचे. पुसटसा जरी कापूर लागला तरी सगळं ताट आणखी एक दिवस आत. नाही लागला तर लिहायचं, वास नाही. मास्तर निवृत्त झाले तेव्हा त्यांनी माझी परीक्षा घेतली होती. नऊ बाटल्या ओळीनं मांडल्या, एकीत कापराचा कण फिरवून काढून घेतला होता, आणि मी ती पहिल्या फटक्यात उचलली. तेव्हापासून प्रयोगशाळेत मला नाक म्हणतात. नाकाला विचारा, नाक आज रजेवर आहे, नाक जेवतंय. वरवर मी चिडते, पण सतरा वर्षांत मला मिळालेली बढती म्हणाल तर ती एवढीच, आणि मी तिच्यावर खूश होते.

घरी आल्यावर चपलासुद्धा न काढता मी स्वयंपाकघरात गेले आणि डबे उघडायला लागले. कॉफी, मिरी, भांडी घासायचा साबण. व्हिनेगर नाकात झोंबलं आणि क्षणभर जीव भांड्यात पडला, पण ते नुसतं झोंबणं होतं, वास नव्हता. बुटांचं पॉलिश उघडलं. नवऱ्याचा कालचा शर्ट धुण्यातून ओढून काढला आणि त्याच्या कॉलरमध्ये तोंड खुपसून उभी राहिले, तेवढ्यात तो दारात आला. त्याचं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर लोकांना अक्षरं वाचायला लावून आलेला माणूस घरी बायकोला आपला शर्ट हुंगताना बघतो म्हटल्यावर त्याला वेगळंच काहीतरी वाटणं साहजिक होतं. मी त्याला खरं ते सांगितलं. तो आधी हसला, डोळ्यांचं असतं तर दुकानात तपासून दिलं असतं म्हणाला, आणि मग माझा चेहरा बघून जवळ आला. त्यानं विचारलं, कधीपासून. मला सांगता येईना. पाच आठवड्यांपूर्वी मला ताप आला होता, आठवडाभर नाक चोंदलं होतं, नंतर जेवणाची चव गेली होती आणि ती मी वयाच्या खात्यावर टाकली होती. पण कामावर रोज कापराचा डबा उघडला की नाकात तो गारवा जाणवायचाच. गारवा म्हणजे वास नव्हे. डबाभर कापराचा गारवा मेलेल्या नाकालाही लागतो. बाटलीच्या तळाशी उरलेला कण लागत नाही.

कपाटाच्या वरच्या खणात एका घट्ट बांधलेल्या पिशवीत आईची शाल आहे. आईला जाऊन सहा वर्षं झाली. वास संपेल या भीतीनं मी ती पिशवी वर्षातून दोनतीनदाच उघडते, एक श्वास घेते आणि गाठ मारते. त्या संध्याकाळी मी ती उघडली आणि पलंगावर बसून शाल तोंडाशी धरली. एक श्वास, दुसरा, दहावा. लहानपणी पाहुणा दारात यायच्या आत मी कोण आलंय ते सांगायचे आणि आई सगळ्यांना कौतुकानं ऐकवायची, आमच्या पोरीला आंधळं केलं तरी ती घर शोधत येईल. शालीची लोकर ओठांना टोचत होती, बाकी काही नव्हतं. मग लक्षात आलं की वास मला येत नसला तरी तो उडून जातोच आहे, मी तो फुकट घालवते आहे. मी घाईघाईनं गाठ मारली आणि खूप रडले. आईसाठी रडले असं नवऱ्याला वाटलं असेल. मी एकतिसाव्या बॅचसाठीही रडत होते.

तापानंतर मी एकच बॅच तपासून बाहेर सोडली होती, यंदाची एकतिसावी. मधल्या चार हुंगल्या होत्या, चार वेळा खिडकीशी जाऊन आले होते, चार वेळा लिहिलं होतं, वास नाही, आणि खाली सही केली होती. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. मला खरंच वास आला नव्हता. ही बॅच हॉस्पिटलात गेली होती, जिथं आमच्या गोळ्या पहिल्यांदाच माणसांवर वापरून बघत होते. आमच्याकडे ठेवून घेतलेल्या तीन बाटल्या होत्या, पण त्याही दाराजवळच्या ओळीतल्या. मी त्या सोनोग्राफीच्या यंत्राखाली धरल्या आणि त्या छान उजळल्या, म्हणजे मला काहीच कळलं नाही. मधल्या सगळ्या तिकडे होत्या, किंवा तिकडच्या कुणाच्या तरी रक्तातून जाऊन संपल्या होत्या. बोलायचं तर त्याच दिवशी बोलायला हवं होतं. मी मूग गिळून बसले. पहिल्या दिवशी म्हटलं, आधी नाकाच्या डॉक्टरला दाखवू. त्यानं नळी घालून बघितलं आणि वास येईलही, नाहीही, असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी म्हटलं, सतरा वर्षांत मधल्या चारमध्ये वास निघाला तो फार तर दहा-बारा वेळा, मग याच वेळी कशाला निघेल. तिसऱ्या दिवशी सुटी होती. जेवताना मुलीनं आमटी खारट झाल्याचं सांगितलं आणि मी तिच्यावर उगाचच खेकसले. खरं कारण मला माहीत होतं. नाक गेलेली बाई प्रयोगशाळेत कशाला ठेवायची, हा प्रश्न कुणी विचारायच्या आत मीच स्वतःला दिवसातून पन्नास वेळा विचारत होते. कुणी जवळून गेलं की मी दचकून श्वास घ्यायचे. रस्त्यानं चालताना बेकरीपाशी थांबायचे आणि पाव आत भाजले जातायत हे फक्त काचेवरच्या वाफेवरून ओळखायचे.

गुरुवारी हॉस्पिटलातले हृदयाचे डॉक्टर चित्रं घेऊन आले. उंच, वाकून चालणारे, प्रत्येक वाक्याआधी घसा साफ करणारे गृहस्थ. आमच्या प्रमुख बाई, ज्यांना सगळे मॅडम म्हणतात, त्यांनी सगळ्यांना बसवलं. डॉक्टरांनी एक चित्र लावलं आणि हे तुमच्या एकतिसाव्या बॅचचं काम, असं कौतुकानं म्हणाले. पेशंट लिफ्ट दुरुस्त करणारा होता, वय बावन्न, हृदयाची एक नळी बंद. प्रश्न एवढाच होता की त्या नळीपुढचा स्नायू जिवंत आहे की मेलेला. जिवंत असेल तर ऑपरेशन करून नळी मोकळी करण्यात अर्थ; मेला असेल तर छाती उघडून उपयोग नाही, औषधं घ्यायची, काम सोडायचं आणि जेवढे दिवस मिळतील तेवढे जपून काढायचे. चित्र एकंदरीत जरा फिकट आलंय, डॉक्टर म्हणाले, माणूस अंगानं जाड आहे, पण खालचा हा भाग बघा, अगदी काळा. शंकेला जागा नाही. म्हणून आम्ही ऑपरेशन रद्द केलं. टेबलाभोवतीच्या माना समाधानानं हलल्या. मी त्या काळ्या भागाकडे बघत होते आणि मला पुन्हापुन्हा ऐकू येत होतं, जरा फिकट. निम्म्या गोळ्या भरीव असल्या तर चित्र असंच येईल. जिथं रक्त बेताचंच पोचतं, तिथं असंच काळं दिसेल. टेबलाखाली मी हात मांड्यांमध्ये दाबून धरले होते.

सगळे गेल्यावर मी मॅडमच्या खोलीत गेले आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं, नोंदवही मागवली, मधल्या चारच्या रकान्यावर बोट ठेवलं. मग त्या म्हणाल्या, "हा रकाना आपला नाहीच. मास्तरांनी हातानं ओढलेला आहे. नियमानं तुम्ही काही चुकला नाहीत." त्यांचा आवाज चांगला होता, मला वाचवू बघणारा होता, आणि एक क्षण मला तो फार हवाहवासा वाटला. डॉक्टरांना काहीतरी कारण काढून पुन्हा एकदा तपासायला सांगू, त्या म्हणाल्या, एकतिसाव्या बॅचच्या उरलेल्या बाटल्या परत मागवू, नाकाचं काढायची गरज नाही. मी मान डोलावली. बाहेर आले, जिन्यात उभी राहिले. कारण काढून सांगितलेलं कुणी मनावर घेईल का? एवढं स्पष्ट चित्र हातात असताना डॉक्टर एका दमलेल्या माणसाला परत कशाला बोलावतील? जिन्यातूनच मी त्यांना फोन लावला. घसा साफ केल्याचा आवाज आला.

"मला वास येत नाही," मी म्हणाले. एवढ्यानं त्यांना काय कळणार, म्हणून मग सगळंच सांगितलं: मास्तर, ताट, कापूर, ताप, बसमधली बाई. मग त्यांनी विचारलं, "आधीच्या बॅचमधलं काही शिल्लक आहे, ज्याची तुम्हाला खात्री आहे?" मी म्हटलं, एकोणतिसावी, तापाच्या आधीची. "सोमवारी सकाळी नऊ," ते म्हणाले, "बाटली तुम्ही स्वतः घेऊन या." ते रागावले की नाही हे मला आजही सांगता येणार नाही.

सोमवारी पहाटेच प्रयोगशाळेत जाऊन मी त्या बॅचची एक मधली बाटली फोडली, पाण्याच्या नळीत सोडून यंत्राखाली धरली. नळी चुन्यासारखी पांढरी झाली. शेजारची बाटली डब्यात घालून हॉस्पिटलात पोचले. लिफ्टवाला कॉटवर शर्ट काढून बसला होता, खरंच जाड, छातीवर पिकलेले केस. माझ्याकडे बघून म्हणाला, "तुम्ही औषधवाल्या बाई का? मागच्या वेळी गडबड झाली म्हणे. आमच्यातही होतं असं. माणूस आत अडकतो आणि आम्ही भलत्याच मजल्यावर दार उघडतो." तो स्वतःच हसला. त्याची बायको भिंतीला पाठ लावून उभी होती, हातात त्याचा शर्ट घडी करून धरलेला. ती हसली नाही. तिनं फक्त विचारलं की आज उजळलं तर ऑपरेशन होईल ना, आणि डॉक्टर म्हणाले, होईल. मग त्यांनी तिला बाहेर थांबायला सांगितलं. दाराला काच होती, ती काचेपलीकडे जाऊन उभी राहिली.

खोलीत अंधार केला. मला पडद्याशेजारी स्टूल दिलं होतं, पडद्याचा उजेड माझ्या तोंडावर येत होता. डॉक्टरांनी बाटली हलवली, नर्सनं शिरेत सुई सरकवली, लिफ्टवाल्यानं डोळे मिटले. पडद्यावर करडं, धडधडणारं काहीतरी होतं. मी मनात म्हणत होते, उजळू दे. गुरुवारपासून मी हेच म्हणत आले होते, झोपेत, बसमध्ये, भांडी घासताना. उजळलं म्हणजे चूक माझी, नाक गेलं, नोकरी गेली, आणि हा माणूस वाचला. हा सौदा मी केव्हाच मान्य केला होता, निदान मला तसं वाटत होतं. पहिल्या गोळ्या आत शिरल्या आणि हृदयाची पोकळी पांढरीफेक झाली. मग स्नायूत पांढरं झिरपायला लागलं, वरून, बाजूनं, भराभर, कुठंही फिकट नाही. ते खाली सरकायला लागलं तेव्हा माझे हात स्टुलाच्या कडेला घट्ट बसले होते आणि मला स्वच्छ जाणवलं की आतून कुणीतरी म्हणतंय, थांब. आणखी खाली नको. ते माझ्याच आवाजात होतं.

पांढरं तिथंच थांबलं. खालचा भाग काळा राहिला, मागच्या चित्रात होता तेवढाच, त्याच कडांचा. डॉक्टरांनी घसा साफ केला आणि पुन्हा टोचायला सांगितलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी कोन बदलून बघितलं, मग जरा वेळानं हलक्या आवाजात मला म्हणाले, "तुमच्या एकतिसाव्या बॅचनं दाखवलं ते बरोबरच होतं." लिफ्टवाल्याचे डोळे मिटलेलेच होते. माझ्या छातीवरचं ओझं एकदम उतरलं. आठवडाभर आवळलेले खांदे आपोआप खाली आले, मोठा श्वास बाहेर पडला, आणि डोळ्यांत पाणी आलं. मला बरं वाटलं. ते मला लपवता येत नाही आणि लपवायचंही नाही. त्या माणसाच्या हृदयाचा एक तुकडा मेलेला आहे हे नक्की झालं आणि मला फार फार बरं वाटलं. लाज नंतर आली, आणि ती येईपर्यंत मध्ये चार-पाच श्वासांचा वेळ होता.

तेवढ्यात नर्सनं दिवा लावला. डॉक्टर पाठमोरे होते, लिफ्टवाल्याच्या छातीवरचं जेल पुसत होते. दार ढकलून त्याची बायको आत आली आणि सरळ माझ्याकडे आली. घडी केलेला शर्ट तिनं काखेत धरला आणि माझे दोन्ही हात आपल्या हातात घेतले. ती हसत होती. "काचेतून मी तुमच्याच तोंडाकडे बघत होते," ती म्हणाली. "डॉक्टरांच्या तोंडावरून काही कळत नाही हो. चांगलं आहे ना?"

मला माझा चेहरा अजून आवरता येत नव्हता.